उघड्या चेनला स्प्रे की नव्वदचं ऑइल?

इंजिन ऑइलच्या ग्रेडवरून हिरिरीने भांडणारी मंडळीही मोटारसायकलच्या चेनला मात्र गॅरेजवाला फासेल ते चालवून घेतात. तो बऱ्याचदा इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फासतो. त्यात काजळी आणि धातूची भुकटी असते, तेव्हा तेवढ्याला नाही म्हणा. खरी निवड चेन स्प्रे आणि ९० नंबरचं गिअर ऑइल या दोघांतच आहे.

गाडीला पूर्ण चेन कव्हर असेल तर फार विचार नको, गिअर ऑइलच घाला. शिंतोडे आतच राहतात. प्रश्न आहे तो उघड्या चेनचा.

अशी चेन बहुतेक वेळा ओ-रिंगची, म्हणजे सांध्यांत रबरी कडी बसवलेली असते. पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच सीलबंद केलेलं असतं, बाहेरचं काही तिथे पोचत नाही आणि पोचायची गरजही नाही. आपण फक्त रोलर आणि स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) यांच्यातली घासाघीस कमी करतो, गंज थोपवतो आणि रबर कोरडं पडू देत नाही. ही कामं दोन्ही नीट करतात. त्यामुळे कशाने चेन जास्त टिकते या वादात मला तरी फारसं तथ्य दिसत नाही. दर ५०० किलोमीटरला स्प्रे किंवा तेल देण्याचा नेम पाळणाऱ्याची चेन टिकते.

स्प्रे देखणा खरा. रिम स्वच्छ राहते, पॅन्टवर डाग पडत नाहीत, आणि पावसातही तो तेलापेक्षा जास्त दिवस तग धरतो. पण त्यातलं पातळ द्रावण उडून जायला किमान अर्धा तास लागतो, रात्रभर मिळाला तर उत्तम. सकाळी फवारून लगेच ऑफिसला निघालात तर अर्धा स्प्रे रिमवर. शिवाय चेन कोरडी हवी, नाहीतर चिकट थराखाली पाणी कोंडतं. जुलैत उघड्यावर लावलेल्या गाडीची चेन कोरडी कधी मिळायची?

माझा कल ठरवला तो मात्र पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरने. स्प्रेचा थर धूळ धरून ठेवतो, त्याचे गोळे कव्हरच्या आत साचतात आणि त्यात रेती मिसळली की घोटून घट्ट झालेला काळा लगदा तयार होतो. चेन बाहेरून चकचकीत आणि आत हा प्रकार. काढायचा तर कव्हरचे बोल्ट खोला, काही गाड्यांत आधी गिअरचा दांडा काढा, मग लाकडी काडीने खरवडा आणि रॉकेलने पुसा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, दोन्हींनी ओ-रिंगची वाट लागते. गिअर ऑइल वाहतं राहतं, बरीचशी घाण सोबत घेऊन बाहेर पडतं. कव्हरमध्ये उरतं ते चिंधीने पुसून निघतं.

तेलाचे शिंतोडे उडतात, हे खोटं नाही. पण मी पाहिलंय त्यात दोष बहुधा जास्त ओतण्याचा असतो. एका वेळी ८-१० मिली पुरे. इंजिन बंद, गाडी डबल स्टँडवर. खालच्या बाजूच्या चेनवर आतल्या अंगाने, रोलरच्या दोन्ही कडांना सिरिंजने थेंब सोडत चाक हाताने उलटं फिरवा. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवणारे बोटं गमावतात. दहा मिनिटं थांबा, मग चेन बाहेरून कोरडी दिसेपर्यंत चिंधीने पुसा. हे पुसणंच लोक टाळतात. टायरवर थेंब गेलाच तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवा. दिवसभर पावसात गाडी चालली तर त्याच संध्याकाळी चेन पुसून पुन्हा तेल द्या. ही कटकट मान्य करूनच तेल निवडावं.

खर्चाचं म्हणाल तर एका वेळी १० मिली धरून लिटरभर तेल १०० वेळा पुरतं, म्हणजे कोरड्या हवेत ५०,००० किलोमीटर. डब्यावर जाडीचा नंबर ९० असो वा ८०डब्ल्यू-९०, दर्जा जीएल-४ असो वा जीएल-५, चेनला फरक पडत नाही.

लांबच्या प्रवासात बाटली सांडण्यापेक्षा छोटा स्प्रे बॅगेत बरा, तिथे माझी हरकत नाही. आणि तेलाकडे वळलातच तर सिरिंज १० मिलीचीच घ्या. २० ची हातात असली की हात २० पर्यंत जातो.