ओहारा कोसोनचे पक्षी: छापचित्र घेण्याआधी काय पाहावं

पक्ष्यांच्या जपानी छापचित्रांत (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांनी हाताने छापलेल्या चित्रांत) पहिल्यांदा पैसे घालायचे असतील, तर ओहारा कोसोन (1877–1945) यांच्यापासून खुशाल सुरुवात करा. कानाझावात जन्मलेल्या या माणसाने जन्मभर कावळे, बगळे, बदकं, चिमण्याच काढल्या म्हटलं तरी चालेल. सुरुवातीच्या उभ्या, अरुंद चित्रांवर ‘कोसोन’ अशी सही असते. मध्ये बरीच वर्षं ते छपाई सोडून कुंचल्याने चित्रं रंगवण्यात रमले आणि 1926च्या सुमारास वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी ‘शोसोन’ नावाने परतले. ‘होसोन’ही तेच. माझा कौल शोसोनच्या चित्रांना: आकार मोठा, रंग भरदार.

त्यांचा बगळा जवळून पाहाच. पिसांना पांढरा रंग नसतो. रंग न लावलेल्या ठोकळ्यावर ओलसर कागद दाबून पीस न् पीस उठवलेलं असतं. उजेड बाजूने आडवा पाडला की तो उठाव दिसतो. संगणकावर काढलेल्या प्रतीत कागद सपाट राहतो.

विकणाऱ्याला चित्र फ्रेमबाहेर काढायला सांगा. पाठीमागे रंग मुरलेला आणि छापताना कागद पाठीमागून घासायच्या चकतीच्या, म्हणजे बारेनच्या, गोलसर खुणा दिसायला हव्यात. 10 पट भिंगातून सगळीकडे बारीक ठिपके दिसले, तर ती यंत्राची छपाई. माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेला रंग उघड्या भागापेक्षा गडद असेल, तर चित्र उन्हाने विटलं आहे. समास कापलेले असतील तर भाव पाडून मागा, कारण प्रकाशकाचा शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो.

वातानाबेचा 6 मिमीचा छोटा गोल शिक्का म्हणजे युद्धानंतरची, चित्रकाराच्या मृत्यूनंतरची छपाई. ती नकली नव्हे. हातानेच छापलेली असते आणि नवख्याला हीच परवडते. फक्त हयातीतल्या प्रतीची किंमत तिला मोजू नका.

फ्रेम करताना सेलोटेप किंवा फेव्हिकॉल अजिबात नको. वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या, माउंट आम्लविरहित घ्यायचा, काच चित्राला टेकू द्यायची नाही. मुंबई-कोकणात पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर टांगलं, तर ओल धरून कागदावर तपकिरी डाग पडतात आणि ते घरी निघत नाहीत.