एनएफएलच्या प्रक्षेपणाचा इतिहास : आरंभ सीबीएसपासून करावा की एबीसीपासून?

अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) आणि दूरचित्रवाणी यांचे नाते अभ्यासू इच्छिणाऱ्यापुढे एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि फॉक्स अशा चार नेटवर्कांच्या वाटा असतात. पहिलेपणाचा मान एनबीसीकडे जातो. २२ ऑक्टोबर १९३९ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरील सामना तिनेच दाखवला, आणि जादा वेळेत निकाली निघालेला १९५८ चा अंतिम सामनाही तिच्याच पडद्यावर झाला. तरीही तिची कथा तुकड्यातुकड्यांची असल्यामुळे खरी निवड सीबीएस आणि एबीसी या दोघींतच करावी लागते.

सीबीएसने १९५६ पासून एनएफएलचे सामने नियमित दाखवण्यास सुरुवात केली, तेव्हा प्रक्षेपणाचे हक्क प्रत्येक संघ आपापले विकत असे. एनएफएलचे प्रमुख, म्हणजे आयुक्त, पीट रोझेल यांनी सर्व संघांचे हक्क एकत्र करून सीबीएसला दिले. मात्र १९६१ मध्ये न्यायालयाने तो करार मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असे ठरवले, आणि मग त्याच वर्षी अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) अशा एकत्रित विक्रीला सूट देणारा कायदा केला. त्यानंतरच्या करारात सीबीएसने वर्षाला ४६.५ लाख डॉलर मोजले, तर १९६४ पासून १ कोटी ४१ लाख. ही रक्कम सर्व संघांत समान वाटली जात असल्यामुळे ग्रीन बेसारख्या लहान गावातील संघाला न्यूयॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळू लागला. आजच्या एनएफएलचा आर्थिक पाया या वाटणीत आहे, असे माझे मत आहे.

एबीसीची कहाणी याहून कितीतरी रंगतदार आहे. सोमवारी रात्री फुटबॉल दाखवण्याची कल्पना इतर दोन्ही मोठ्या नेटवर्कांनी नाकारल्यावर ती एबीसीकडे आली आणि २१ सप्टेंबर १९७० रोजी पहिला सामना प्रक्षेपित झाला. निर्माते रून आर्लेज यांनी कॅमेऱ्यांची संख्या वाढवली आणि समालोचनासाठी दोनऐवजी तीन माणसे बसवली. फटकळ हॉवर्ड कोसेल आणि डॅलस संघाचे माजी क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारे खेळाडू), मिश्कील डॉन मेरेडिथ यांची जुगलबंदी ऐकण्यासाठी खेळ न कळणारेही जागत (त्या काळातील मालिकांच्या लेखकांना त्यांचा हेवा वाटला असल्यास नवल नाही). ८ डिसेंबर १९८० रोजी जॉन लेनन यांच्या हत्येची बातमी कोट्यवधी प्रेक्षकांनी कोसेल यांच्या तोंडून, सामना चालू असतानाच ऐकली. परंतु आठवड्यातील एका सामन्यावर उभी असलेली ही कथा सादरीकरण कसे बदलले हे सांगते, पैसा कसा फिरला हे सांगत नाही.

फॉक्सचा भाग सीबीएसच्याच कथेत येतो. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने चार वर्षांसाठी सुमारे १५८ कोटी डॉलर देऊ करून सीबीएसचे हक्क मिळवले आणि पॅट समरॉल व जॉन मॅडन ही तिची समालोचक जोडीही नेली. गुण आणि घड्याळ कोपऱ्यात सतत दाखवण्याची पद्धतही फॉक्सने १९९४ मध्ये एनएफएलच्या प्रक्षेपणात रुजवली. सीबीएस १९९८ मध्ये परतली, ती एनबीसीचे हक्क घेऊन.

म्हणून अर्थकारण समजून घ्यायचे असेल, तर सीबीएस निवडावी, आणि समालोचनाची कला हा विषय असेल, तर एबीसी. मात्र जुने सामने प्रत्यक्ष पाहून शिकायचे असल्यास सीबीएसच्या आरंभीच्या वर्षांवर फार विसंबू नये. १९६७ चा पहिला सुपर बोल (हंगामाअखेरचा विजेतेपदाचा सामना) सीबीएस आणि एनबीसी या दोघींनी दाखवला, पण त्याचे संपूर्ण प्रक्षेपण दोघींपैकी एकीनेही जपून ठेवले नाही.