द विंटर ऑफ द विच: वास्याच्या गोष्टीचा शेवट असाच हवा होता

आधीचे दोन भाग वाचले नसतील तर हे पुढे वाचू नका, आधी ते वाचून या. कॅथरिन आर्डनच्या जुन्या रशियात घडणाऱ्या या फँटसी ट्रिलॉजीचा तिसरा भाग (2019 चा) सुटा वाचण्यासारखा नाहीच. दुसरा भाग जिथे संपतो, म्हणजे मॉस्को जळून राख झालंय, लोक बिथरलेत आणि कोणावर तरी खापर फोडायचंय, तिथूनच हा सुरू होतो आणि सुरुवातीची बरीच प्रकरणं अजिबात उसंत देत नाही.

आणि सुरुवातीलाच सोलोवेई, वास्याचा घोडा. पहिल्या भागात तो बान्निक, म्हणजे न्हाणीघरातला आत्मा, वास्याला भविष्य सांगतो ना, की तू नाईटिंगेल पक्ष्यासाठी रडशील, तेव्हा ते वाक्य मी वाचून सोडून दिलं होतं, आणि सोलोवेई या रशियन शब्दाचा अर्थच नाईटिंगेल हे माहीत असूनही माझ्या डोक्यात ते जुळलं नव्हतं. जमाव वास्याला ओढत नेतोय आणि तिचा घोडा मध्ये पडतो, त्या पानावर ते जुळलं. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि बराच वेळ उघडलंच नाही. लेखिकेने हे एक वाक्य दोन पुस्तकं जपून ठेवलं होतं, याचं कौतुक रडणं थांबल्यावर वाटलं.

माझ्या मते या शेवटाची खरी ताकद म्हणजे वास्या बाजू निवडायला नकार देते. एकीकडे चर्च, घंटा, आयकॉन म्हणजे संतांची पवित्र चित्रं, तिचा संन्यासी भाऊ साशा. दुसरीकडे चेर्ती, म्हणजे लोककथांमधले जुने आत्मे, चुलीमागचा दोमोवोई, नदीतला वोद्यानोई, जंगलातला लेशी, ज्यांच्यासाठी पूर्वी घरोघरी भाकरतुकडा ठेवायचे आणि आता लोक विसरत चालल्यामुळे ते विरत चाललेत. जुन्या रशियात हे दोन्ही खरंच शेजारी शेजारी नांदायचं, बाई चर्चमध्येही जायची आणि दोमोवोईलाही जपायची, त्याला द्वोयेवेरिये म्हणजे दुहेरी श्रद्धा असा शब्दही आहे. इतर फँटसीत असतं तर एक बाजू खोटी ठरवून मोकळे झाले असते. इथे वास्या म्हणते दोघंही माझेच, आणि त्याची पूर्ण किंमत मोजते.

व्हिलनच्या बाबतीतही तेच. पाद्री कोन्स्तान्तिन, सोनेरी आवाजाचा, आयकॉन रंगवणारा, आयुष्यभर देवाने एकदा तरी बोलावं म्हणून तळमळणारा माणूस, आणि त्याला उत्तर मिळतं ते मेद्वेदकडून, अस्वलाकडून. त्याने वास्याचं जे केलं त्यानंतर मला त्याची कीव यायला नको होती, पण आली. आणि मेद्वेद, मोरोझ्कोचा म्हणजे हिमराजाचा भाऊ, तो तर नुसता दुष्ट म्हणून सोडून देताच येत नाही, शेवटी वास्यावर त्याचीच मदत घ्यायची वेळ येते आणि त्या दोघांमधले संवाद पुस्तकातले सगळ्यात चुरचुरीत आहेत.

जादूचं तंत्र मला फार आवडलं. मंत्र नाहीत, कांडी नाही. जग आपल्याला हवं तसं नव्हतं हेच विसरून जायचं, म्हणजे समोरचं लाकूड पेटलेलं नाही हे विसरलं की ते पेटतं. पण असं सारखं विसरत गेलं तर खरं काय आणि आपण मनात आणलं काय यातला फरकच जातो, वेड लागतं, त्यामुळे वास्याने काही पेटवलं की मला तिची काळजीच वाटायची.

मधला मिडनाइटचा भाग, जिथे कायम मध्यरात्रच असते आणि एका मध्यरात्रीतून चालत दुसऱ्या ऋतूतल्या मध्यरात्रीत पोचता येतं, तो थोडा रेंगाळतो. मला चाललं, कारण तिथेच तो देद ग्रीब भेटतो, अळंबी आजोबा म्हणा, एवढासा जीव आणि भाव केवढा मोठा. पण आधीच्या वेगानंतर काहींना तिथे कंटाळा येईल हे खरं.

शेवट जातो कुलिकोवोच्या मैदानात. 8 सप्टेंबर 1380, डॉन नदीजवळ मॉस्कोचा राजा द्मित्री विरुद्ध मंगोल सेनापती ममाई, ज्या लढाईवरून द्मित्रीला पुढे दोन्स्कोई म्हणू लागले. लढाईआधी दोन्ही बाजूंचे एकेक योद्धे, पेरेस्वेत आणि चेलुबेई, यांचं द्वंद्व झालं अशी आख्यायिका आहे, आणि ती ज्याला ठाऊक आहे त्याला साशाचं पूर्ण नाव आठवून आधीच धस्स होईल. मला ठाऊक होतं. तरी ते प्रकरण वाचताना यावेळी काहीतरी वेगळं होऊ दे असं मनात म्हणत होते, इतकं तिने साशाला तीन पुस्तकांत जवळचं केलंय. चेर्ती त्या लढाईत ज्या पद्धतीने येतात ते मात्र सांगत नाही, ते स्वतः वाचा.

तक्रार एकच आणि ती मनापासूनची आहे. ओल्गा. वास्याची बहीण, दोन मुलांची आई, घर आणि अब्रू सांभाळत बहिणीलाही वाचवू बघणारी. तिच्याकडे या भागात फार कमी पानं आलीत. लढाई जवळ आल्यावर तर ती जवळपास दिसेनाशीच होते, आणि शहरात मागे राहिलेल्या बायकांनी ते दिवस कसे काढले हे मला तिच्याच नजरेतून वाचायचं होतं.

नावांना घाबरू नका. वासिलिसा, वास्या, वासोच्का एकच, अलेक्सांद्र आणि साशा एकच, शिवाय मागे शब्दांची यादी दिलीय. पहिल्या भागात चुलीपाशी बसून दाई दून्या मुलांना हिमराजाची गोष्ट सांगते ते प्रकरण हा भाग घेण्याआधी पुन्हा एकदा वाचा, खूप फरक पडतो. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो ओल्गासाठी.