कॉस्टको, वॉलमार्ट की टी.जे. मॅक्स: मौल्यवान वस्तू कुठून घ्यावी?

तांदळाची गोणी आणि पेपर टॉवेलचे गठ्ठे ज्या दुकानातून आणायचे, तिथूनच पाडव्याचे सोनेही घ्यावे का, हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना आता पडू शकतो. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांना माल विकणाऱ्या कॉस्टकोने २०२३ मध्ये एक औंसाची सोन्याची बिस्किटे विकायला काढली आणि त्या वर्षी नोव्हेंबरात संपलेल्या तिमाहीत त्यांची विक्री दहा कोटी डॉलरच्या वर गेली. २०२४ मध्ये रीबॅग या कंपनीमार्फत शनेल, लुई व्हिताँ या उंची कंपन्यांच्या वापरलेल्या पर्स वॉलमार्टच्या संकेतस्थळावर आल्या. नामांकित कंपन्यांचा माल सवलतीत विकणाऱ्या टी.जे. मॅक्सच्या निवडक दुकानांत ‘द रनवे’ हा उंची कपड्यांचा विभाग तर त्याआधीपासून आहे. हातात पैसा असलेला ग्राहकही भाव पाहतो, हे या दुकानांनी नेमके हेरले आहे. बाजारात आपला जो वाटा वाढला, त्यातला सुमारे ७५ टक्के वार्षिक एक लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या घरांमुळे वाढला, असे वॉलमार्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले होते. मात्र तिन्ही ठिकाणची स्वस्ताई निरनिराळ्या कारणांनी येते, आणि भावाइतकेच ते कारणही तपासून घ्यावे असे मला वाटते.

कॉस्टकोच्या नफ्याचा मोठा भाग वार्षिक वर्गणीतून येतो. सप्टेंबर २०२४ पासून ही वर्गणी ६५ डॉलर आणि वरच्या श्रेणीसाठी १३० डॉलर आहे. त्यामुळे मालावर साधारण १४-१५ टक्क्यांपेक्षा जास्त नफा चढवायचा नाही, हा दंडक तिथे पाळता येतो. सोन्याच्या बिस्किटाची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा थोडीच वर असते आणि वरच्या श्रेणीच्या सभासदाला खरेदीवर दोन टक्के परतही मिळतात. बिस्कीट ३१.१ ग्रॅमचे, म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने तीन तोळ्यांहून किंचित अधिक भरते. ते मोहोरबंद कार्डात येते आणि त्यावर शुद्धता व क्रमांक छापलेला असतो. ते कार्ड फोडू नये, कारण विकताना तेच उपयोगी पडते. विकलेला माल परत घेण्याचे कॉस्टकोचे एरवीचे उदार धोरण सोन्याला लागू नाही. ठरलेल्या सराफाकडे घट आणि मजुरी जाते हे खरे, पण गरजेच्या वेळी तो मोड घेतो. इथे ती सोय नसल्याने गिऱ्हाईक आपणच शोधावे लागते. म्हणून पुढची काही वर्षे हात लावायचा नसेल, तरच हे सोने घ्यावे.

हिऱ्याच्या बाबतीत मला कॉस्टको अधिक भरवशाचे वाटते. हिरा परत करता येतो. एक कॅरटपेक्षा मोठा असेल तर मूळ प्रमाणपत्रे सोबत न्यावी लागतात, तेव्हा ती अंगठीइतकीच जपून ठेवावीत. मात्र पाटीवरच्या नावावर विसंबू नये. कॉस्टकोने काही अंगठ्यांच्या पाटीवर ‘टिफनी’ असे लिहिले होते, आणि त्यावरून टिफनी या दागिन्यांच्या नामांकित कंपनीने २०१३ मध्ये दावा लावला. कॉस्टकोचे म्हणणे असे की हे हिरा बसवण्याच्या एका पद्धतीचे रूढ नाव आहे. खालच्या न्यायालयाने दोन कोटी डॉलरच्या आसपास भरपाई ठरवली, २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०२१ मध्ये तडजोड झाली. घड्याळांचे प्रकरण याहून बोलके आहे. ओमेगाचे १,९९५ डॉलरचे घड्याळ कॉस्टकोने १,२९९ डॉलरला विकले, कारण ते परदेशात विकलेल्या मालातून मधल्या व्यापाऱ्यांकरवी आले होते. हा मार्ग अडवण्यासाठी ओमेगाने घड्याळाच्या पाठीवर पृथ्वीगोलाचे एक बारीक चिन्ह कोरले आणि त्याच्या कॉपीराइटवर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये अखेर कॉस्टकोची सरशी झाली. घड्याळ अस्सलच होते, पण अशा आडवाटेने आलेल्या मालाला उत्पादकाची हमी मिळेलच असे नसते. म्हणून घड्याळ घेताना हमी कुणाची आहे, हे आधी विचारावे.

वॉलमार्टमध्ये मोठा फरक असा की संकेतस्थळावरचा बराच माल वॉलमार्टचा नसतोच, तो तिसऱ्याच विक्रेत्याचा असतो. रीबॅग पर्सची अस्सलता तपासून विकते, त्यामुळे तिच्याकडून घ्यायला हरकत नाही. पण याच संकेतस्थळावर २०२४ च्या अखेरीस एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या महागड्या ‘बर्किन’ पर्ससारखी दिसणारी, शंभर डॉलरच्या आतबाहेरची पर्स गाजली. तिचा एर्मेसशी काडीचाही संबंध नव्हता. विक्रेत्याचे नाव वाचल्याशिवाय इथे हजारो डॉलर घालू नयेत.

टी.जे. मॅक्सकडे नामांकित कंपन्यांचा जादा झालेला किंवा मागणी रद्द झालेला माल येतो. काही माल मात्र खास अशा दुकानांसाठीच बनवलेला असतो. त्यामुळे इतरत्र इतक्याला मिळते म्हणून चिठ्ठीवर छापलेल्या तुलनेच्या किमतीला फार महत्त्व न देता कापड, अस्तर आणि शिवण हाताने पाहावी. वर्षानुवर्षे वापरायचा कोट घ्यायला ही उत्तम जागा आहे. पुढे विकायच्या हेतूने मात्र तिथे काही घेऊ नये.

सोने भारतात आई-वडिलांकडे न्यायचे असेल, तर हिशेब आणखी बदलतो. परदेशात वर्षभराहून अधिक राहून परतणाऱ्यांना मिळणारी सीमाशुल्काची सवलत दागिन्यांना आहे, बिस्किटांना नाही. कॉस्टकोचे बिस्कीट न्यायचे तर ते विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावे लागेल. ती रक्कम धरून पाहिल्यावर पुण्यात किंवा कोल्हापुरात सराफाकडे वळे घेणेच अनेकदा सोयीचे पडेल.