बरणीवरच्या लेबलांसाठी कोणता स्टिकर कागद घ्यावा? साताऱ्यातील तीन पर्यायांचे परीक्षण

घरी केलेल्या जॅम, मुरांबा आणि लोणच्याच्या बरण्यांवर लावण्यासाठी साताऱ्यात तीन प्रकारे लेबले करता येतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा, आधीच चौकोन कापलेला ए-४ मापाचा कागदी स्टिकर शीट आणून त्यावर छापायचे. डिजिटल प्रेसमधून चकचकीत स्टिकर करून घ्यायचे. किंवा कुरिअरवाल्यांकडे असतो तसा छोटा थर्मल प्रिंटर घेऊन गुंडाळीतली लेबले काढायची. तिन्ही वापरून पाहिल्यावर मी साध्या कागदी शीटच्या बाजूची झाले आहे. तो स्वस्त पडतो हे खरेच, पण मला तो पटला तो बरणी धुताना निमूट निघून येतो म्हणून. आपल्याकडे काचेची बरणी एका हंगामापुरती नसते. यंदा स्ट्रॉबेरीचा जॅम भरून नणंदेकडे गेलेली बरणी पुढच्या वर्षी मेतकूट भरून परत येते आणि तिच्यात पुन्हा आवळ्याचा मुरांबा पडतो. अशा बरणीवर कायमचे चिकटून बसणारे लेबल म्हणजे नसती डोकेदुखी होय.

मी शीट घेतले ते राजवाडा ते मोती चौक या भागातील एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातून. पूर्ण पाकीट घेण्याची सक्ती न करता सुटे शीट देणारे दुकान मिळाले तर ते सोडू नये, कारण घरगुती कामाला शंभर शीटचे पाकीट वर्षानुवर्षे संपत नाही आणि पावसाळ्यात दमट हवेने त्याच्या कडा वळू लागतात. शीटवर चोवीस लेबले असतील तर प्रत्येक लेबल साधारण ६४ × ३४ मिलिमीटरचे असते आणि आठ असतील तर साधारण ९९ × ६८ मिलिमीटरचे. लोणच्याच्या लहान बाटल्यांना पहिले माप पुरते. अर्ध्या किलोच्या जॅमच्या बरणीला दुसरे शोभते. मात्र माप ठरवण्याआधी बरणीचा सरळ भाग किती उंच आहे हे पट्टीने पाहावे. खांद्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बरणीवर मोठे लेबल कितीही जपून लावले तरी वरच्या कडेला चुणी पडतेच.

छपाईसाठी लेझर प्रिंटरच वापरावा. लेझरची शाई म्हणजे बारीक भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळून बसते, त्यामुळे ओला हात लागला तरी अक्षरे पसरत नाहीत. घरच्या इंकजेटची साधी शाई मात्र फ्रिजमधून काढलेल्या बरणीवर दव धरताच ओघळते. घरी लेझर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात जावे लागते. तिथे स्टिकर शीट पाहून कपाळाला आठ्या पडतात आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही, कारण एखादे लेबल आतल्या तापलेल्या रुळावर सुटून चिकटले तर त्यांचे यंत्र अडते. म्हणूनच अर्धी लेबले काढून घेतलेला शीट कधीही पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नये. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून ती शीटवर ठेवावी, दोन्ही खिडकीच्या उजेडासमोर धरून चौकोन जुळतात का ते पाहावे, आणि छापताना मूळ मापाचा पर्याय निवडावा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की मजकूर किंचित आक्रसतो आणि खालच्या ओळीपर्यंत येता येता कडेवर चढतो. मराठी मजकुराला मुक्ता हा मोफत मिळणारा फाँट मला सुवाच्य वाटला. अक्षर आठ पॉइंटपेक्षा लहान केले तर अनुस्वार आणि रफार भरून जातात.

डिजिटल प्रेसचे काम देखणे असते, यात शंका नाही. बारा बाय अठरा इंचाच्या शीटवर मिररकोट म्हणजे आरशासारखा चकचकीत स्टिकर कागद, वर लॅमिनेशनचा पातळ प्लास्टिक थर आणि हाफ कट, म्हणजे मागचा कागद शाबूत ठेवून फक्त वरचे लेबल कापणे, असे लेबल लावलेली बरणी दुकानातल्या बरणीच्या तोडीची दिसते, आणि लोणच्याचे तेल ओघळले तरी फडक्याने पुसून टाकता येते. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अक्षरांची: प्रेसमध्ये मजकूर बहुधा कोरेलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडतात आणि मराठीसाठी अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या फाँट-पद्धतीची सवय आहे, त्यामुळे मोबाइलवरून युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या मराठी अक्षरांत, पाठवलेला ‘मुरांबा’ कधी कधी काना-अनुस्वार विस्कटून समोर येतो. फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ द्यावी आणि छपाईपूर्वी पडद्यावरचा मजकूर स्वतः वाचावा. दुसरी अडचण बरणी रिकामी झाल्यावर कळते. लॅमिनेशनमुळे पाणी कागदात शिरत नाही. तासभर भिजवूनही वरचा पापुद्रा तेवढा सोलून हातात येतो आणि खालचा कागद गोंदासह काचेवरच राहतो.

साधा कागदी स्टिकर मात्र कोमट पाण्यात ठेवला की थोड्या वेळात फुगतो, त्याच्या कडा वर येतात आणि अंगठ्याने ढकलला की एकसंध सरकतो. मागे गोंदाचा चिकट थर उरलाच तर खाण्याचा सोडा आणि गोडेतेल समप्रमाणात कालवून त्यावर लावावे आणि अर्ध्या तासाने पुसावे. असला गोंद पाण्याला दाद देत नाही, तेलाने मऊ होतो. रॉकेल चोळण्याची जुनी सवय सोडावी, कारण तो वास झाकणात बसतो.

थर्मल प्रिंटरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्याला शाई लागत नाही, पण ज्या उष्णतेने त्याच्या कागदावर अक्षर उमटते तीच उष्णता नंतरही त्याला काळे करू शकते, आणि तेल लागले की छपाई फिकी पडते. लोणच्याला तो निरुपयोगी आहे.

लेबल कोणतेही असो, बरणी पूर्ण थंड आणि कोरडी झाल्यावरच ते लावावे. गरम जॅम भरलेल्या बरणीवर लावलेले लेबल गार होताना कोपऱ्यात सुटते. आमच्याकडील जुन्या पिढीप्रमाणे साधा कागद खळीने चिकटवण्याची पद्धतही वाईट नाही आणि ती सर्वांत सहज निघते, फक्त पिठाची खळ झुरळांना आणि कसरीला आमंत्रण देते, तेव्हा फडताळ स्वच्छ नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. तारीख मी छापत नाही. चकाकी नसलेल्या कागदावर बॉलपेनने ती नीट उमटते आणि उरलेले शीट पुढच्या खेपेला कामी येतात.

विक्री करणाऱ्या बचत गटांनी आणि गृहउद्योगांनी मात्र प्रेसचाच मार्ग धरावा. त्यांच्या लेबलावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, शाकाहारी पदार्थाची खूण म्हणून हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असावा लागतो; शिवाय हा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असणे बंधनकारक असल्याने केवळ मराठी लेबल चालत नाही, मराठी जोडीला घेता येते. एवढा मजकूर चोवीसच्या शीटवरील लेबलात वाचनीय राहत नाही. प्रेसला काम देताना तारीख आणि बॅचसाठी कोरी जागा ठेवायला सांगावी आणि लॅमिनेशन नको असे स्पष्ट बजावावे, कारण लॅमिनेशनच्या पृष्ठभागावर साध्या शिक्क्याची शाई वाळत नाही आणि हात लागताच तारीख पुसली जाते.