लाइपझिगच्या थोमास चर्चमध्ये पाहुण्या गायकवृंदाची मैफल

जर्मनीतील लाइपझिगच्या थोमास चर्चमध्ये बाहेरच्या गायकवृंदाने बाखची रचना गायला घेणे, हे धाडसच म्हटले पाहिजे. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत येथे कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, होते. १९५० पासून त्यांची समाधी याच चर्चमध्ये वेदीजवळ आहे. आणि १२१२ सालापासूनची परंपरा सांगणारा थोमानर हा मुलांचा गायकवृंद आजही येथे त्यांच्या रचना नियमितपणे गातो. दौऱ्यावर आलेल्या ज्या हौशी इंग्रज वृंदाची मैफल मी ऐकली, त्याने हे दडपण न घेता ‘झिंगेट डेम हेर्न’ (‘प्रभूसाठी गा’) हे बाखचे मोटेट, म्हणजे वृंदासाठीची धार्मिक गानरचना, कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी ठेवले आणि ते मनापासून गायले.

ही रचना चार-चार आवाजांच्या दोन वृंदांसाठी आहे. सुरुवातीला एक वृंद ‘गा!’ अशी हाक देत राहतो आणि दुसरा वेगवान तानांसारख्या स्वरावलींनी तिला उत्तर देतो. १७८९ साली लाइपझिगला आलेला मोझार्ट हीच रचना ऐकून थक्क झाला होता. अडचण आहे ती वास्तूची. १८८४ ते १८८९ या काळातील नूतनीकरणात आतील रूप पालटले, बाखच्या वेळचे बरेचसे लाकूडकाम गेले, आणि त्यामुळे आता येथे आवाज अधिक घुमतो. संचालकांनी हे ओळखून लय किंचित ठाय ठेवली, दोन्ही वृंद वेदीच्या डाव्या-उजव्या बाजूंना उभे केले आणि व्यंजने स्पष्ट पण हलकी उच्चारायला लावली. परिणामी हाक कोणत्या बाजूने आली आणि उत्तर कोणत्या, हे डोळे मिटूनही कळत होते. शेवटी दोन्ही वृंद एकत्र येऊन चार आवाजांचा फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांनी उचलत नेण्याची रचना, गातात. तेथे बासचे, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाचे, गायक खालून जो आधार देत होते, तो माझ्या मते या मैफलीचा परमोच्च क्षण होता.

जर्मन संगीतकार मेंडेल्सोनच्या ‘रिख्टे मिख, गॉट’ (‘देवा, माझा न्याय कर’) या स्तोत्राची निवडही समर्पक होती, कारण बाखच्या स्मारकासाठी निधी जमवायला त्यांनी १८४० साली याच चर्चमध्ये ऑर्गनवादन केले होते. पुरुषांनी एकसुरात सुरुवात करायची आणि स्त्रियांनी चौपदरी स्वरमेळात उत्तर द्यायचे, ही त्याची रचना येथे फार खुलली. संगीतकार राइनबर्गरच्या ‘आबेंडलीड’मध्ये (‘संध्यागीत’) मात्र प्रवासाचा शीण जाणवला. साथीला वाद्य नसल्याने सूर हळूहळू उतरत गेला, आणि गाणे संपल्यावर संचालकांनी गुडघ्यावर स्वरकाटा वाजवून, कानाशी धरून, पुढच्या गाण्याचा सूर नव्याने दिला. सोप्रानोंचे, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या गायिकांचे, वरचे स्वरही तेथे ताणल्यासारखे वाटले. इतकी मंद रचना दौऱ्यात कार्यक्रमाच्या शेवटाकडे ठेवू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पाहुणा वृंद वेदीजवळ उभा राहणार असेल, तर पुढच्या अर्ध्या भागातील बाकांवरच जागा घ्यावी. मागच्या सज्ज्याखाली स्वर पोहोचतात, शब्द विरतात. थोमानर ऐकायचे असतील तर ही सूचना लागू नाही, कारण ते पश्चिमेकडील सज्ज्यातून, म्हणजे वेदीकडे तोंड करून बसलेल्या श्रोत्यांच्या पाठीमागून गातात.