सरकारी अनुदानावर संस्था चालवणं : आतून पाहिलेला रिव्ह्यू

नवीन संस्था काढलेली माणसं भेटली की हटकून एकच विचारतात, ताई, सरकारी ग्रँट घ्यावी का नको? मी एका लहान संस्थेत हिशोब आणि प्रस्तावांचं काम बघते, आमचं निराधार वृद्धांसाठी काम आहे, व्यसनमुक्तीचं आहे, वस्तीत फिरून आरोग्याचं पण आहे, आणि यातला बराच मोठा भाग दोन-तीन वेगवेगळ्या खात्यांच्या अनुदानावर चालतो. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू, आपण एखादी सर्व्हिस वापरून रिव्ह्यू देतो तसाच. कुठलं खातं, कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, मला एका ऑफिसबद्दल नाही तर पद्धतीबद्दल बोलायचंय.

स्टार द्यायचे तर कशाला पैसे देतात याला पाचपैकी पाच, कधी देतात याला पाचपैकी एक. आणि उत्तर आधीच सांगते, घ्या. फक्त हातात चार पैसे शिल्लक नसताना घेऊ नका.

आधी चांगलं काय ते, कारण संस्थावाले एकत्र बसले की नुसती तक्रारच चालते आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं हे सगळं बेकारच आहे. तसं अजिबात नाहीये. बघा, शाळेच्या वह्या, ब्लँकेट, दिवाळीचा फराळ याला देणगीदार मिळतात. पण पाचव्यांदा पिऊन परत आलेल्या माणसाच्या उपचाराला कोण देणगी देतं? वेश्याव्यवसायातल्या बाईच्या तपासणीला, सुईने ड्रग्ज घेणाऱ्या पोराला स्वच्छ सिरिंज द्यायला वाढदिवसाचे पैसे देणारं कोणी तुम्हाला माहीत आहे का? मला तरी नाही भेटलं. हे पैसे सरकारनेच दिले आणि अजून देतंय. एड्स नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ ला सुरू झाला, त्यात पुढे 'टार्गेटेड इंटरव्हेन्शन' म्हणून जो भाग आला, म्हणजे ज्यांना लागण व्हायचा धोका जास्त अशा गटांत थेट जाऊन काम, ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं टीआय म्हणतात, तो संस्थांमार्फतच चालतो, म्हणजे नॅको या केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेकडून राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीकडे आणि तिथून संस्थेकडे, आणि काही ठिकाणी तर त्या समाजातल्याच लोकांनी मिळून काढलेल्या संस्थेकडे पैसे जातात. तिथे काम करणारी पीअर एज्युकेटर ही त्यांच्यातलीच एक असते. तिला दार उघडतात, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला नाही उघडत, सिस्टर कितीही चांगली असली तरी.

हे मला फार जवळून दिसतं म्हणून सांगते. आमच्याकडे एक कार्यकर्ता आहे, स्वतः पूर्वी दारूतून बाहेर पडलेला. त्याच्या वहीत पत्त्याच्या शेजारी वेळ लिहिलेली असते, की या घरी सकाळी सातच्या आत जायचं, तेव्हा तो शुद्धीत असतो आणि बायको अजून कामाला गेलेली नसते, या घरी रविवारी अजिबात जायचं नाही, भाऊ येतो आणि भांडण होतं, इथे आईशी बोलायचं पण बापासमोर नाही. ही माहिती कुठल्याच सर्व्हेत मिळत नाही, ती वर्षानुवर्षं फिरून होते आणि फिरणाऱ्या माणसाला महिन्याला पैसे द्यावे लागतात. अनुदान म्हणजे खरं तर हे विकत घेणं आहे, संस्थेवर उपकार नाही, सरकारला स्वतःला जे जमत नाही ते सरकार आपल्याकडून करून घेतंय, हे नवीन लोकांनी पक्कं डोक्यात ठेवा म्हणजे ऑफिसात मान खाली घालून उभं राहायची वेळ येणार नाही.

चाइल्डलाइनचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल, अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा फोन नंबर. १९९६ ला मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून सुरू झालं, मग सरकारच्या पैशावर देशभर पसरलं आणि गावोगावच्या संस्थांनी ते चालवलं, रात्री-अपरात्री पोरं स्टेशनवरून आणली. २०२३ च्या सुमारास ते काम सरकारी यंत्रणेकडे गेलं. नंबर तोच राहिला, पण ज्या संस्था फोनच्या पलीकडे धावत होत्या त्यांच्या माणसांचं काय झालं हे कोणी विचारत नाही. मला हे मनापासून खुपतं.

आता घ्यायची प्रोसेस. ही लोकांना वाटते तितकी भयानक नाहीये पण चिकट आहे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, आयकराची नोंदणी, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा युनिक आयडी, पीएफएमएस या सरकारी पैशाच्या वाटपाच्या पोर्टलवर संस्थेची आणि बँक खात्याची नोंद, हे सगळं लागतंच. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनांचे प्रस्ताव ई-अनुदान पोर्टलवरून जातात, आणि ऑनलाइन झाल्याने एक फायदा नक्की झाला की फाईल कुठे अडकलीय ते निदान दिसतं, पूर्वी ते कळायला पण कोणालातरी ओळखावं लागायचं. खरा घोळ होतो तो विश्वस्तांच्या नावात. कोणी विश्वस्त वारले, कोणी राजीनामा दिला, नवीन आले, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो आणि अर्ध्या संस्था तो टाकतच नाहीत, किंवा टाकतात आणि तो वर्षानुवर्षं पेंडिंग. मग दर्पणवर एक यादी, धर्मादायकडे दुसरी, बँकेत सही करणारे तिसरेच. प्रस्ताव कितीही सुंदर लिहा, इथे तो लटकतो. आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरं असेल तर ते आजच दुरुस्त करायला टाका, प्रस्तावाची जाहिरात यायची वाट बघू नका.

आता वेळेबद्दल. एक स्टार का दिलाय ते नीट सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की उशिरा का होईना पैसे येतातच ना मग काय झालं.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. आम्ही चालवतो त्या केंद्रात उपचाराला, आसऱ्याला आलेली माणसं एक एप्रिलला पण असतात, ती काही मंजुरीची वाट बघत उपाशी बसत नाहीत. जेवण चालू, औषधं चालू, भाडं चालू. इकडे मागच्या वर्षीचं ऑडिट होणार, मग युसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र जाणार, २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांमधला तो फॉर्म १२-ए, त्यात सुरुवातीची शिल्लक, मिळालेली रक्कम, त्यावरचं व्याज, खर्च, उरलेली रक्कम असं सगळं भरायचं, सीएची सही, मग तपासणी अहवाल, मग राज्याची शिफारस, मग दिल्ली. यातलं एक कुठेतरी थांबलं की सगळं थांबलं. आणि मग कधीतरी मार्चच्या शेवटी शेवटी खात्यात पैसे पडतात. इथे खरी मेख आहे. ३१ मार्चला जे उरलं ते 'अखर्चित' दिसतं आणि नियमाप्रमाणे पुढचं अनुदान देताना ते हिशोबात धरलं जातं. म्हणजे उशीर त्यांच्याकडून झाला आणि कागदावर दिसतं की संस्थेला पैसे खर्चच करता आले नाहीत. त्यात आयकराचा ८५ टक्क्यांचा नियम, वर्षाच्या उत्पन्नातलं निदान तेवढं त्याच वर्षी कामावर लावलं पाहिजे, नाही जमलं तर त्याचा वेगळा अर्ज.

आता व्याज बघा. अनुदान आपल्या खात्यात पडून त्यावर जे व्याज येतं ते सरकारला परत करायचं, आणि हे बरोबरच आहे, पैसा लोकांचा आहे. पण हप्ता कितीतरी महिने उशिरा आला म्हणून त्या काळाचं व्याज संस्थेला मिळालंय असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. मग ते महिने कोणी निभावले? किराणावाला थोडा थांबतो, घरमालक अजिबात थांबत नाही, औषधं रोखीने. उरतं काय तर मानधन. समुपदेशक, वॉर्डबॉय, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, फिरणारे कार्यकर्ते. सरकारी आरोग्य आणि समाजकल्याणाच्या योजना काही महिने या लोकांच्या उधारीवर चालतात, यांनी बचत गटातून कर्ज काढलेलं असतं, पोराची फी थकवलेली असते, आणि त्या उधारीचा आकडा एकाही युसीत कुठल्याही रकान्यात येत नाही. म्हणूनच चांगला समुपदेशक दोन वर्षांत सोडून जातो आणि मग तपासणीला आलेला माणूस विचारतो की तुमच्याकडे स्टाफ टिकत का नाही.

दुसरी गोष्ट, कशाला पैसे धरतात. बेड, औषध, जेवण, ठराविक पदांचं मानधन हे सगळं हेडनुसार ठरलेलं असतं. हिशोब ठेवणारा माणूस, पोर्टलवर अपलोड करणारा माणूस, लाइट गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर, हे कुठेतरी 'इतर' मध्ये कोंबायचं. काही योजनांत तर पूर्ण खर्च मिळतच नाही, उदाहरणार्थ दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, वरचं संस्थेने उभं करायचं. ऐकायला १० टक्के कमी वाटतं पण ते मान्य खर्चाचे १० टक्के असतात, खरा खर्च वेगळाच असतो. मोठ्या संस्था हे सहज पेलतात आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून काढलेली छोटी संस्था, जी खरं तर सगळ्यात जवळ पोचलेली असते, ती पहिल्याच वर्षी दमते.

तपासणीबद्दल मात्र माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. तपासणी हवीच, सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या कॅगला पण हिशोब बघायचा हक्क आहे आणि असायलाच हवा, कारण या क्षेत्रात फक्त कागदावर चालणाऱ्या संस्था पण आहेत आणि त्यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं. फक्त तपासणी कशाची करता ते महत्त्वाचं. एकदा आमच्याकडे एक बाई अधिकारी आल्या होत्या, त्यांनी फाईल नंतर बघते म्हणून आधी स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा डबा उघडून बघितला, मग एका आजींच्या कॉटवर बसून त्यांची औषधाची पिशवी मागितली आणि एकेक गोळी कशाची ते आजींनाच विचारलं, आजींना तीनपैकी दोन सांगता आल्या. मग फाईल. बोर्डाचा फोटो, बायोमेट्रिकचा फोटो, रजिस्टरचा फोटो काढून वीस मिनिटांत जाणाऱ्या तपासण्यांपेक्षा ही एक तपासणी आम्हाला जास्त शिकवून गेली, त्यानंतर आम्ही औषधाच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरात लिहायला लागलो.

अजून एक प्रकार आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं, छोटा आणि न बांधलेला पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी ठरलेला आहे. रक्कम किरकोळ आहे, पण कशावर खर्च करायचा ते समिती ठरवू शकते, आणि जिथे समिती जागी आहे तिथे त्यातून एखाद्या बाळंतिणीची गाडी, विहिरीत पावडर असली कामं पटकन होतात. तसंच महाराष्ट्रात २००७ पासून याच अभियानातून लोकाधारित देखरेख सुरू झाली, साथी ही संस्था राज्यस्तरावर समन्वय बघायची, गावकरी स्वतः आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांसमोर उभं राहून बोलायचे. सरकारने स्वतःच्याच सेवेवर लोकांना बोट ठेवायला पैसे दिले, यापेक्षा चांगला सार्वजनिक पैशाचा उपयोग मला तरी माहीत नाही. हे सगळीकडे आणि कायम चालायला हवं होतं.

मला विचाराल तर बदल फार मोठे नकोत. चालू असलेल्या केंद्राला पहिला हप्ता एप्रिलमध्येच द्या, तपासून घ्या आणि पुढच्या हप्त्यात काय कापायचं ते कापा. उशीर झाला तर मानधनापुरतं तरी व्याज द्या. हिशोबनीसाचं पद खर्चात धरा. तीन वर्षांची मंजुरी एकदम द्या म्हणजे दरवर्षी समुपदेशकाला 'पुढच्या वर्षीचं बघू' असं सांगायला नको.

ज्यांना तरीही घ्यायचंय त्यांच्यासाठी. अनुदानाचं खातं वेगळं ठेवा, त्यात देणगीचा एक रुपया पण मिसळू नका. अनुदानातून घेतलेल्या कॉट, फ्रिज, कॉम्प्युटरचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून, कारण ते परवानगीशिवाय विकता येत नाहीत आणि मोडीत निघालेला फ्रिज पण दाखवावा लागतो. पंधरा बेड झेपत असतील तर तीसचा प्रस्ताव टाकू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. निदान सहा महिन्यांचं मानधन आणि किराणा भागेल एवढी गंगाजळी देणगीतून आधी उभी करा, आणि देणगीदाराला स्पष्ट सांगा की हे पैसे कशासाठी आहेत, समजून घेणारे लोक असतात. नवीन माणूस कामावर घेताना मानधन उशिरा होऊ शकतं हे तोंडावर सांगा, लपवू नका. आणि हप्ता आला की आधी कोणाचं द्यायचं ते कमिटीत लेखी ठरवून ठेवा. आमच्याकडे क्रम असा आहे: स्वयंपाकाच्या मावशी आणि वॉर्डबॉय, मग फिरणारे कार्यकर्ते, मग समुपदेशक आणि नर्स, मग डॉक्टर, मग किराणा, आणि पदाधिकाऱ्यांनी खिशातून घातलेलं सगळ्यात शेवटी.